परळचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या कर्तबगार व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. बहुधा ती व्यक्ती आपल्या ज्ञातीतील असते, आणि ते स्वाभाविकच आहे. मुलांपुढे घरचे उदाहरण ठेवले म्हणजे ते त्यांना आपलेसे वाटते. यंदा हे काम आमच्याकडे आले तेव्हा आम्ही थोडी निराळी वाट धरली व डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांचे चरित्र निवडले. त्यांचा जन्म कोणत्या ज्ञातीत झाला ह्याची चर्चा आम्ही येथे करणार नाही. ह्या निवडीचे कारण असे की, परळच्या ज्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते तेथे हजारो रुग्णांची ज्ञात विचारून ती नोंदविली गेली. आणि ती पंगतीत कोणाचा पाट कोठे मांडावा हे ठरविण्यासाठी विचारली नव्हती, रोगाचे मूळ कोठे आहे हे शोधण्यासाठी विचारली होती. ज्ञातीच्या नावाने एकत्र येणाऱ्या आपण सर्वांनी ह्या प्रश्नाचे उत्तर काय निघाले हे समजून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

जन्म, शिक्षण व विषयाची निवड

खानोलकर हे आडनाव वेंगुर्ले तालुक्यातील खानोली ह्या गावावरून पडलेले. वसंतरावांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीत राँटगेन ह्यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेगने थैमान घातले. म्हणजे वैद्यकाला एकीकडे नवी दृष्टी लाभत होती आणि दुसरीकडे रोगापुढे शहरेच्या शहरे ओस पडत होती, अशा संधिकाळात हा बालक वाढला. पुढे वैद्यकाचे उच्च शिक्षण घेण्यासाठी ते विलायतेस गेले व १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी त्यांनी संपादन केली.

विकृतिशास्त्र म्हणजे काय, हे आमच्या वाचक भगिनींना व विद्यार्थ्यांना थोडक्यात सांगितले पाहिजे. रोग्याची नाडी पाहणारा वैद्य आणि शस्त्रक्रिया करणारा सर्जन हे दोघे आपल्या ओळखीचे असतात. विकृतिशास्त्रज्ञ मात्र रोग्याला सहसा दिसत नाही. शरीरातून काढलेला गाठीचा लहानसा तुकडा त्याच्याकडे येतो. तो तुकडा औषधात मुरवून, मेणात बसवून, मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतके पातळ काप काढून काचपट्टीवर पसरतात, निळ्या-गुलाबी रंगांत रंगवितात व सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. मग तो सांगतो की ही गाठ साधी आहे की प्राणघातक, ती कोणत्या पेशींपासून वाढली, आणि आजूबाजूच्या निरोगी भागात ती किती शिरली आहे. त्याच्या एका शब्दावर सर्जनची सुरी चालते किंवा थांबते. रोगी बरा झाल्यावर हार मात्र सर्जनच्या गळ्यात पडतो.

त्या काळी विलायतेची पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरास गिरगावात अथवा फोर्टात दवाखाना थाटून मान व पैसा दोन्ही मिळविण्याचा मार्ग मोकळा असे. खानोलकरांनी अध्यापनाचा व संशोधनाचा मार्ग पत्करला. भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज व त्यानंतर परळचे शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज ह्या दोन्ही ठिकाणी त्यांनी विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले.

ह्यांपैकी परळच्या महाविद्यालयाची जन्मकथा लक्षात ठेवण्याजोगी आहे. सरकारी वैद्यकीय सेवेत नसलेल्या, स्वतंत्र अशा हिंदी डॉक्टरांनीच येथे शिकवावे, ह्या अटीवर देणगीदारांनी आपला पैसा दिला होता. १९२६ साली हे महाविद्यालय व त्याला जोडलेले किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजे आपण सर्व ज्याला के.ई.एम. म्हणतो ते, सुरू झाले. डॉ. जीवराज मेहता हे तेथील पहिले अधिष्ठाता. आमच्या लोकांना वरच्या दर्जाचे वैद्यक शिकविता येईल की नाही अशी शंका घेणाऱ्यांना ह्या संस्थेने कामानेच उत्तर द्यावयाचे होते. खानोलकरांसारख्या प्राध्यापकांनी ते दिले.

टाटा रुग्णालयाची प्रयोगशाळा

सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई ह्यांचा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने अंत झाला आणि पुढच्याच वर्षी सर दोराबजीही निवर्तले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळ येथे कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय उभारण्यात आले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. ह्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे संचालकपद खानोलकरांकडे आले. त्यांच्या वयाचे तेव्हा सेहेचाळिसावे वर्ष चालू होते.

त्या वेळची सामान्य समजूत अशी होती की, कर्करोग हा पाश्चात्त्यांचा व श्रीमंतांचा रोग, आपल्या गरीब देशात तो विरळा. प्रत्यक्षात परळच्या दारात रांगा लागल्या. लालबाग-परळच्या गिरण्यांतील कामगार आले, कोकणातून बोटीने उतरलेले शेतकरी आले, गुजरातेतून, मद्रासेकडून, उत्तरेकडून रोगी आले. पुष्कळांच्या तोंडात, जिभेवर वा घशात गाठी होत्या. युरोपातील वैद्यकाच्या ग्रंथांत जे रोग पुढच्या पानांवर असत ते येथे मागे पडत, आणि तेथे ज्यांना दोन ओळी मिळत ते येथे रोज समोर बसत.

असे का व्हावे? ग्रंथात उत्तर नव्हते. ते रुग्णांच्या याद्यांतूनच काढावे लागणार होते. खानोलकरांचे मोठेपण आमच्या मते येथेच आहे. काचपट्टीवरील पेशी पाहून गाठीचे नाव सांगितले म्हणजे आपले काम संपले असे त्यांनी मानले नाही. ही गाठ ह्याच माणसाला, ह्याच जागी का झाली, असा पुढचा प्रश्न ते विचारीत.

ज्ञात, सवय आणि रोग

१९४४ साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा अमेरिकेतील एका संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध केला. मुंबई हे शहर अशा अभ्यासाला जणू मुद्दाम घडविलेले होते. एकाच गावात, एकाच हवापाण्यात, परंतु निरनिराळ्या चालीरीतींचे समाज शेजारी शेजारी राहत होते. कोणी तंबाखू खाई, कोणी ओढी, कोणी दोन्ही करी, कोणी तिला शिवतही नसे. कोणाकडे मुलींची लग्ने लवकर होत, कोणाकडे उशिरा. रोगाच्या जागेची व ह्या चालीरीतींची सांगड घातली की पुष्कळ गोष्टी बोलू लागत.

तंबाखू व चुना मळून ज्या गालात बार भरून ठेवावा त्याच गालात, त्याच हिरडीच्या कडेला जखम होई. विडी ओढणाऱ्याच्या बाबतीत रोग जिभेच्या मुळाशी व घशाकडे अधिक दिसे. पुढे १९५५ साली डॉ. ल. द. संघवी व आणखी एक सहकारी ह्यांच्यासह त्यांनी तंबाखू खाणे व ओढणे ह्यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध आकडेवारीने तपासला व तो निबंध इंग्लंडच्या वैद्यकीय पत्रात छापून आला. न्याय्य बोलावयाचे तर, विड्यातील तंबाखूचा व तोंडाच्या कर्करोगाचा संबंध त्रावणकोरकडील मिशनरी डॉक्टरांनी त्यापूर्वीच लक्षात आणून दिला होता. परंतु मोठ्या शहरातील निरनिराळ्या समाजांची अशी पद्धतशीर तुलना हे परळचे काम होते. फुप्फुसाचा कर्करोग व सिगारेट ह्यांवरील डॉल व हिल ह्यांचा गाजलेला इंग्रज अभ्यास १९५० सालचा, म्हणजे खानोलकरांच्या पहिल्या आढाव्यानंतर सहा वर्षांचा, हेही ध्यानात ठेवावे.

१९४५ साली त्यांनी एका सहकाऱ्यासह रूढींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगाचे भारतातील तीन नवे प्रकार वर्णिले. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेवर एकाच जागी आवळून बांधल्याने कातडी घासत राहते व क्वचित तेथेच कर्करोग उद्भवतो, हा त्यांतील एक. खालचा ओठ व हिरडी ह्यांमधील खोबणीत खैनी दाबून ठेवणाऱ्यांस तेथेच होणारा कर्करोग हा दुसरा. काश्मीरमध्ये थंडीत पोटाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचे मडके, बाळगणाऱ्यांच्या पोटावर होणारा कर्करोग तर त्याही आधी इंग्रज डॉक्टरांनी नोंदविला होता. आणि त्याही पूर्वी, १७७५ साली, लंडनच्या पर्सिव्हल पॉट ह्यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांना काजळीमुळे होणारा कर्करोग दाखवून दिला होता. खानोलकरांनी तीच परंपरा आपल्या धोतर-विड्यापर्यंत आणून पोहोचविली.

ज्ञातींच्या रक्तात काही भेद आहे काय, हाही प्रश्न त्यांनी टाळला नाही. १९४९ च्या सुमारास त्यांनी व संघवी ह्यांनी मुंबईतील आपसातच लग्ने करणाऱ्या सहा समाजांची रक्तगटादी सात आनुवंशिक लक्षणांच्या दृष्टीने पाहणी प्रसिद्ध केली. अशा पाहण्यांतून एक गोष्ट कोणालाही कळते. ए, बी, ओ हे रक्तगट सर्वच समाजांत असतात. कमीअधिक असते ते त्यांचे प्रमाण. एका ज्ञातीच्या माणसाला गरज पडली तर दुसऱ्या ज्ञातीच्या माणसाचे रक्त चालते, आणि कधी कधी सख्ख्या भावाचे चालत नाही. दादरच्या वा परळच्या रक्तपेढीत आजवर कोणी बाटलीवर ज्ञातीचे नाव वाचून रक्त घेतलेले आम्ही पाहिले नाही.

एकंदर तात्पर्य हे की, तोंडाच्या ह्या रोगाचा माग काढीत गेले असता तो कुळापेक्षा सवयीकडे अधिक जातो. ज्ञात ही येथे केवळ सवयीची खूण होती. आणि कुळ बदलता येत नसले तरी सवय बदलता येते, म्हणून ह्या निष्कर्षात मोठे आश्वासन आहे.

शास्त्रज्ञाचा प्रत्येक तर्क टिकतोच असे नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. तोंडाच्या आतील कातडी घट्ट होत जाऊन तोंड उघडेनासे होते, असा एक विकार आपल्याकडे आढळतो. मिरचीतील तिखट द्रव्य त्यास कारण असावे अशा दृष्टीने परळच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या टाळूवर ते द्रव्य लावून प्रयोग झाले. पुढील संशोधनाने मुख्य दोष सुपारीकडे जातो असे ठरले, आणि २००४ साली नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय संस्थेने जाहीर केले. तंबाखू नको पण सुगंधी सुपारी चालते, असे म्हणणाऱ्या आपल्या घरांतील मंडळींनी हे मनावर घ्यावे.

मज्जातंतूंचा रोग

गाठींच्या ह्या अभ्यासकाचे दुसरे मोठे काम मज्जातंतूंविषयीचे आहे. हे दोन विषय दूरचे वाटतील. परंतु सूक्ष्मदर्शकापाशी बसणाऱ्याला ते एकाच काचपट्टीवर भेटतात. कुष्ठरोगात कोपरामागील किंवा गुडघ्याच्या बाजूची नस कधी कधी दोरीसारखी जाड होते व हाताला गाठीसारखी लागते. तिच्या आत काय चालले आहे, हा विकृतिशास्त्राचाच प्रश्न होय.

नॉर्वेतील हॅन्सेन ह्यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू दाखवून दिला होता. तरीही लोकांच्या मनात, आणि पुष्कळ डॉक्टरांच्याही मनात, हा कातडीचा रोग होता, कारण चट्टा कातडीवर दिसतो. मुंबईत वडाळ्यास अॅकवर्थ ह्यांच्या नावाचे कुष्ठरोग्यांचे आश्रयस्थान १८९० पासून होते. ते शहरापासून दूर असावे अशीच त्या वेळच्या नागरिकांची इच्छा असे. खानोलकरांनी रोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांचे तुकडे तपासले. ज्या वेळी वरून केवळ फिकट डाग दिसतो, बोटे वाकडी झालेली नसतात, रोग्याला स्वतःलाही फारसे काही जाणवत नसते, त्या अवस्थेतील हे तुकडे होते. जंतूंना लाल व मज्जातंतूंना काळा रंग देणाऱ्या निरनिराळ्या रंजनपद्धती असतात. त्यांच्या साहाय्याने पाहता जंतू कातडीतील अतिसूक्ष्म मज्जातंतूंच्या आत दिसून आले. कातडीतील तंतूंच्या उघड्या टोकांतून जंतू आत शिरतो व तंतूच्या वाटेने वर सरकत जातो, असे त्यांनी मांडले. ह्या अभ्यासाचा अहवाल १९५१ साली प्रसिद्ध झाला.

ह्याचा अर्थ सामान्य माणसाच्या भाषेत असा. कुष्ठरोग हा मुळात मज्जातंतूंचा रोग आहे. ह्या रोगात बोटे आपोआप गळून पडत नाहीत. तंतू मेल्यामुळे वेदना नाहीशी होते. मग तव्याचा चटका, खिळ्याची जखम, चपलेने पडलेला फोड हे काहीच कळत नाही आणि जखमेवर जखम होऊन बोटे झिजतात. वेदना ही शरीराची पहारेकरीण आहे, ती गेली म्हणजे घर उघडे पडते. तेव्हा चट्ट्याची संवेदना गेली आहे काय, हे लवकर तपासणे हाच ह्या रोगातील खरा शहाणपणा. आज कापसाचा बोळा वा पिसाचे टोक फिरवून शाळेतील परिचारिकाही ही तपासणी करते. तिच्यामागे मज्जातंतूंच्या अभ्यासाचे असे कष्ट उभे आहेत.

खानोलकरांच्या संस्थेत १९५८ च्या सुमारास कुष्ठरोग्याच्या गाठीतून काढलेले जंतू प्रयोगशाळेत वाढविण्यात आले व त्यांना संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आय.सी.आर.सी. जंतू असे नाव मिळाले. ते खुद्द कुष्ठरोगाचे, की त्याच्या जवळच्या कुळातले, ह्यावर पुढे वाद झाला. कुष्ठरोगाचा खरा जंतू आजतागायत कृत्रिम अन्नावर वाढलेला नाही. तथापि ह्याच जंतूंपासून नंतरच्या शास्त्रज्ञांनी कुष्ठरोगावरील लस तयार करून तिचे प्रयोग केले. ज्या काळात कर्करोग व कुष्ठरोग ह्या दोन्ही शब्दांनी माणसे दचकत, त्या काळात एकाच छपराखाली दोहोंवर काम चालू होते.

शिष्यपरंपरा व सन्मान

१९५२ साली केंद्र सरकारने परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले व खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांनी येथे केवळ डॉक्टर गोळा केले नाहीत. जीवशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ, आनुवंशशास्त्रज्ञ एकत्र आणले. विशेष म्हणजे ह्या कामात स्त्रियांना त्यांनी पुढे आणले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे ह्यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळविली, पुढे अमेरिकेत जाऊन पेशीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले व परळला परतून त्याची प्रयोगशाळा उभारली. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता व १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. डॉ. सत्यवती शिरसाट ह्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पेशींच्या अंतर्भागाचा अभ्यास येथेच केला. गुरूची थोरवी त्याच्या पश्चात शिष्य काय करतात ह्यावरून मोजावी असे म्हणतात. ह्या मापाने खानोलकर फार मोठे ठरतात.

मानसन्मानांची यादी लांबविण्याचे कारण नाही. भारतातील विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते संस्थापक-अध्यक्ष होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९६० ते १९६३ ह्या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मानही त्यांना लाभला. गिरगावातील महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे ह्यांनाही हाच मान मिळाला होता व तेही पूर्वी ह्याच विद्यापीठाचे कुलगुरू होते. एकाने धर्मशास्त्राच्या पोथ्या तपासल्या, दुसऱ्याने पेशींच्या काचपट्ट्या. दोघांच्याही कष्टांची जात एकच.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी डॉ. खानोलकर ह्यांचे देहावसान झाले. त्यांच्या हयातीतच, १९६६ साली, संशोधन संस्था व टाटा रुग्णालय ही दोन्ही एका छत्राखाली आली होती. पुढे संशोधनाचे मोठे केंद्र खारघर येथे उभे राहिले. तेथील एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव दिलेले आहे. शोधिका हा शब्द आम्हांस फार आवडला.

कुटुंबांसाठी दोन शब्द

आम्ही अनेक वर्षे लालबाग-परळ भागातील शाळेत शिकविले. त्या काळातील दोन प्रसंग येथे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील गिरणी बंद पडल्यावर हमालीवर जात. त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता व मशेरी-तंबाखू चालूच होती. धाकट्या मुलीचे लग्न ठरत होते. घरात मोठा रोग आहे असे कळले तर सोयरीक मोडेल, ह्या भीतीने त्यांनी वर्षभर कोणासही तोंड दाखविले नाही. लग्न झाले. नंतर ते रुग्णालयात गेले तेव्हा जबड्याचा अर्धा भाग काढावा लागला, आणि त्यानंतरही ते फार दिवस जगले नाहीत. तोच चट्टा वेळेवर दाखविला असता तर तंबाखू सोडून व लहानशा उपचाराने काम भागण्याचा संभव होता.

दुसरा प्रसंग एका विद्यार्थिनीचा. तिच्या दंडावर बधिर डाग होता व आई तिला बाराही महिने लांब बाह्यांचा झगा घाली. शाळेतील तपासणीत तो डाग उघड झाला. आईने रडून आकांत केला. परंतु तिच्या आजीने निश्चयाने मुलीला औषध सुरू केले. फुकट मिळणाऱ्या गोळ्या वर्षाच्या आतच संपल्या, मुलगी बरी झाली. पुढे ती शिकली, नोकरीस लागली, तिचा संसार उत्तम चालला आहे. दोन्ही घरांत भीती तीच होती. एका घरात भीतीने निर्णय केला आणि दुसऱ्या घरात आजीने केला, एवढाच भेद.

खानोलकरांच्या काळानंतर औषधे पुष्कळ सुधारली. कुष्ठरोगावरील संयुक्त औषधोपचार १९८० नंतरच्या दशकात आला व बहुतेक रोगी सहा महिन्यांत वा वर्षात बरे होऊ लागले. तरीही आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत दरसाल सुमारे लाखभर नवे रुग्ण आढळतात. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कायद्यातील कलमे तर २०१९ साली रद्द झाली. १९६३ पासून मुंबईत कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली नोंदवही ठेवली जाऊ लागली. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. कायदा बदलला, औषध आले, मोजदाद सुरू झाली. उरली ती घराघरांतील लपवाछपवी. तिच्यावर कोणत्याही प्रयोगशाळेत लस तयार होणार नाही.

ज्ञातिमंडळे ह्या बाबतीत पुष्कळ करू शकतात. आपण वधूवरांच्या याद्या छापतो, गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार करतो, हळदीकुंकवाचे समारंभ करतो. ह्याच मेळाव्यांत वर्षातून एकदा तोंडाची तपासणी व कातडीवरील डागांची तपासणी ठेवावी, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे मांडतो. त्यास खर्च फारसा नाही. दादर-परळ भागात ह्या कामी येणारे डॉक्टर मिळतात. समारंभात पानसुपारीची तबके फिरविण्याऐवजी बडीशेप व खडीसाखर ठेवावी. स्थळ पाहताना पत्रिकेची जी चौकशी आपण करतो तिच्याहून मुलाच्या गालातील तंबाखूची चौकशी अधिक उपयोगाची आहे, हे मुलीच्या आईवडिलांनी ध्यानात घ्यावे. आणि ज्या घरात असा रोग आला असेल त्या घराशी सोयरीक मोडू नये. आपल्यापैकी एखाद्या वडीलधाऱ्याने प्रथम त्या घरी जाऊन चहा घ्यावा.

परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास आजही दूरगावचे रोगी व त्यांचे नातेवाईक वळकट्या घेऊन बसलेले दिसतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्यांपैकी अनेकांना आसरा मिळतो. त्यांची ज्ञात तेथे कोणी विचारीत नाही. रुग्णालयात विचारली गेलीच तर ती रोगाचा माग काढण्यासाठी असते, हे डॉ. खानोलकर ह्यांच्या चरित्राने आपणांस शिकविले. आपल्या तरुणांपैकी कोणी विकृतिशास्त्राकडे वळावे, हार सर्जनच्या गळ्यात पडला तरी काचपट्टीशी इमान राखावे, आणि ज्येष्ठांनी आपापल्या घरातील झाकलेले चट्टे उजेडात आणावेत. असे झाले तर ह्या वर्षीचे चरित्र छापल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.